हात आत आहे

१

"...फ्यूज त्याच्या खिशातच होता म्हणे. तरी करवत फिरली. आणि आता भुसावाली सांगत होती, दुपारच्या सुट्टीत तिथले पट्टे..."

"पट्टे काय?"

"अगं, पट्टे कुणी..."

आणि कोपर मारल्याचा आवाज आला. कोपराला आवाज नसतो हे मलाही कळतं, पण इतकी वर्षं दुसऱ्यांचं बोलणं ऐकत आल्यावर तोही ऐकू यायला लागतो. दवाखान्यात गुडघ्यासाठी नंबर लावून बसले होते. मागच्या बाकावर दोघी जणी. मी सहज मान वळवल्यासारखं केलं, तर एक जण छताकडे बघत होती आणि दुसरी स्वतःच्या चपलेकडे.

मला वाईट वाटलं. अफवा माझ्या शेजारची, माझ्या खिडकीपासून दोन हातांवरची, आणि ती मलाच अर्धी! आमचे हे मला 'खिडकीबाई' म्हणतात ते उगीच नाही. पण खरं सांगायचं तर मान वळवून विचारायची हिंमत मला त्या दिवशी झाली नाही. कारण पुढचं वाक्य काय असेल याचा मला थोडा अंदाज होता.

२

आमच्या स्वयंपाकघराची खिडकी एका बोळात उघडते. बोळ एवढा अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं भिंतीला चिकटावं. पलीकडे मिस्त्रींचा सुतारकामाचा कारखाना, आणि त्यामागे त्यांच्या दोन खोल्या. मी ओट्याशी उभी राहिले की समोर थेट त्यांचं करवतीचं टेबल. लोखंडी टेबल, मधल्या फटीतून वर आलेलं गोल पातं, खाली मोटार. मोटारीपासून पात्याच्या दांड्यापर्यंत तीन रबरी पट्टे जातात, ते फिरले की पातं फिरतं. इतकी वर्षं भाजी चिरताना समोर तेच बघितलं, त्यामुळे मला त्या यंत्राची माहिती माझ्या मिक्सरपेक्षा जास्त.

मिस्त्री म्हणजे थोरला भाऊ. धाकटा त्याच्याच हाताखाली शिकला आणि मग त्याच्याच डोक्यावर बसला. पट्टे झिजले की मिस्त्री तिन्ही एकदम बदलायचा. एकच तुटला असला तरी तिन्ही. नव्या पट्ट्यांच्या पाठीवर खडूनं १, २, ३ लिहायचा, संच फुटू नये म्हणून. धाकटा ओरडायचा, "दोन चांगले आहेत ना, कशाला फेकतोस?"

मिस्त्री माझ्याकडे बघून म्हणायचा, "ताई, सांगा याला. एक नवा आणि दोन जुने घातले की नवा एकटाच ओढतो आणि बाकीचे नुसते बरोबर फिरतात. आमच्या घरासारखं."

त्या यंत्राचा खटका बिघडलेला होता. बंद केला तरी कधी मोटार थांबायची, कधी नाही. म्हणून पट्ट्यांत हात घालायच्या आधी मिस्त्री बोळात यायचा. आमच्या मागच्या दाराशेजारी पत्र्याचं कपाट आहे, त्यात दोन्ही घरांचे मीटर आणि फ्यूज. तो आपला फ्यूज उपसायचा, सदऱ्याच्या खिशात टाकायचा, माझ्या खिडकीच्या चौकटीवर बोटाच्या पेरानं दोनदा ठोकायचा आणि म्हणायचा, "ताई, हात आत आहे."

म्हणजे कपाटाला कुणी हात लावायचा नाही. मी म्हणायची, "बरं." काम झालं की पुन्हा दोन ठोके. "हात बाहेर आहे." मी पुन्हा "बरं." वीस वर्षं हे असंच. त्यानं न सांगता कधी हात आत घातला नाही, आणि मी "बरं" म्हटल्यावर कधी त्या कपाटावरची नजर काढली नाही.

एकदाच काढली. सहा महिन्यांपूर्वी, दुपारी सव्वाएकला. त्यानं सांगितलं, मी "बरं" म्हटलं, आणि गॅसवर दूध चढवलेलं होतं. पाठीमागे कपाटाचं पत्र्याचं दार किरकिरलं. मला ऐकू आलं. मी डोकं बाहेर काढणारच होते, तेवढ्यात दूध उतू गेलं. मी फडकं घेतलं. करवत फिरल्याचा आवाज दोन-तीन सेकंदच आला, लाकूड नसताना येतो तसा मोकळा. मग दुसरा आवाज आला, तो मी लिहिणार नाही.

गाडी येईपर्यंत मिस्त्री गेलेला होता. फ्यूज त्याच्या खिशात सापडला. चौकशीला आलेल्या साहेबानं मला विचारलं, "काही पाहिलंत?" मी म्हटलं, "नाही." ते खरंच होतं. काही ऐकलंत का, असं त्यानं विचारलं नाही.

आणि एक गोष्ट मी आमच्या ह्यांनाही सांगितली नाही. कपाटाच्या डोक्यावर आमचा एक जादा फ्यूज ठेवलेला असायचा. चिनी मातीचा, पांढरा. ओळखू यावा म्हणून मी त्यावर नखांना लावायच्या लाल रंगाचा ठिपका दिला होता. त्या दिवसापासून तो तिथं नव्हता.

३

महिनाभरानं धाकट्यानं कारखाना उघडला. एक ते दोन जेवायची सुट्टी. तो कुलूप लावून समोरच्या गल्लीत खानावळीत जायचा. सगळं जिथल्या तिथं. करवत चालायची, भुसा उडायचा, वहिनी, म्हणजे मिस्त्रींची बायको, मागच्या खोलीचं दार लावून बसायच्या.

मग एके दुपारी मी भांडी पुसत होते. चौकटीवर दोन ठोके पडले.

"ताई, हात आत आहे."

"बरं," मी म्हटलं.

हातातली ताटली पुसून झाली, मांडणीत लागली, दुसरी घेतली, आणि मग माझ्या लक्षात आलं की मी काय म्हटलं. बोळात कुणी नव्हतं. पलीकडे कारखान्याचं दार ओढलेलं, त्याला कुलूप होतं. आतून मात्र खालच्या आवाजात काम चालल्यासारखं वाटत होतं. मोटारीचे बोल्ट सैल करताना पाना कुरकुरतो तसं. रबर लोखंडावर चढताना 'चट्' असा ओला आवाज येतो, तोही. एक. दोन. तीन.

मी स्वतःला समजावलं. भावाभावांचा आवाज सारखा असतो, धाकटाच असेल, लवकर आला असेल. पण धाकटा दोन वाजता गल्लीतून दात कोरत आला आणि माझ्यासमोर त्यानं कुलूप काढलं. मग म्हटलं, कान वाजले. वय झालं. ठोके म्हणजे चौकट उन्हानं तडकली असेल. मी कारणं शोधण्यात हुशार आहे. त्या आठवड्यात मला रोज एक नवं कारण सापडलं, आणि रोज एक वाजून पंधरा मिनिटांनी ते खोटं ठरलं.

भीती मला त्या आवाजाची वाटत नव्हती. आवाज ओळखीचा होता, आपुलकीचा होता. भीती दुसऱ्याच गोष्टीची होती. तो रोज सांगत होता की हात आत आहे. हात बाहेर आहे असं तो एकदाही म्हणाला नाही.

४

दवाखान्यातून आल्यावर मी दोन दिवस भुसावालीची वाट पाहिली. ती कारखान्यातला भुसा पोत्यात भरून कोंबड्यांच्या खुराड्यांसाठी विकते. बोलकी बाई. मी तिला पाणी दिलं, बसायला पाट दिला.

"काय गं, ते पट्ट्यांचं काय?"

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"अर्धंच सांगितलं, म्हणून तर झोप उडाली."

तिनं पोत्यात हात घालून रबराचा एक तुकडा काढला. वीतभर लांब, दोन्ही टोकांना धारदार पात्यानं कापलेला. "हे असे निघतात भुशात. रोज तीन पट्ट्यांचे तुकडे. त्या धाकट्याला विचारलं, इतके पट्टे कुठून आणतोस रे? तर म्हणतो, सहा महिन्यांत एकही बदलला नाही, डोकं फिरलंय का तुझं! मग मला सांगा काकू, कापले जातात ते कुणाचे? आणि कापल्यावर करवत दोन वाजता चालते कशी? म्हणून मी म्हटलं, सुट्टीत मिस्त्रीच पट्टे बदलत असणार. चेष्टेत हो. पण बोलून गेले आणि माझ्याच अंगावर काटा आला."

मी तुकडा उलटा केला. पाठीवर खडूनं २ लिहिलं होतं. मिस्त्रींच्या दोनला खाली शेपूट असायचं, गोगलगायीसारखं. हे तसंच होतं. आणि खडू ताजा होता, माझ्या अंगठ्याला लागला.

त्याच संध्याकाळी वहिनी आल्या. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी माझा उंबरा ओलांडला. खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या.

"ताई, भाऊजींनी कागद आणलाय. सही करायची आहे. ह्यांच्याच निष्काळजीपणानं झालं, असं लिहिलंय. माझी काही तक्रार नाही, कारखान्यावर हक्क नाही, आणि महिन्याअखेर खोल्या रिकाम्या करते, असंही." त्या हसल्या, म्हणजे नुसते ओठ हलले. "निष्काळजी! चहा ओततानासुद्धा बशी दोनदा बघायचा तो माणूस. कागदाचं सोडा, घराचंही सोडा. पण हा शब्द मी त्यांच्या नावापुढे लागू देणार नाही. तुम्ही खिडकीत असता. खरं सांगा, त्या दिवशी काही ऐकलंत?"

मी सांगितलं. दार किरकिरलं ते, दूध उतू गेलं ते, लाल ठिपक्याचा फ्यूज गेला ते. वाटलं, आता त्या रडतील किंवा माझ्या तोंडात मारतील. दोन्ही माझ्या हक्काचं होतं.

त्या उठल्या. पदर सारखा केला. "लाल ठिपका," त्या म्हणाल्या. "बरं."

तेवढंच. पण तो 'बरं' मी ओळखला. मीही तसंच म्हणत आले होते, वीस वर्षं. आता नजर ठेवते, असा त्याचा अर्थ असतो.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी चौकटीवर ठोके पडले नाहीत. सव्वाएक झाला, दीड झाला. कारखान्यात शांतता. मी खिडकीशीच उभी होते. दोनला धाकटा आला, खटका दाबला. मोटार नुसती घोंगावली, पातं जागचं हललं नाही.

"आता काय झालं हिला!" त्यानं झाकण उघडलं. वाकून बघितलं आणि एकदम मागं सरला. आतून त्यानं तीन कापलेले पट्टे ओढून काढले. खडूचे आकडे मला एवढ्या लांबूनही दिसले. त्यानं ते हातात उलटेपालटे केले, सदऱ्याला हात पुसले आणि इकडेतिकडे पाहिलं. मी दिसले.

"काय काकू, आज बातमी काय?"

"बातमी तूच दे," मी म्हटलं. "कुणी कापले?"

"उंदरांनी."

"खडूनं लिहिणारे उंदीर?"

तो बोळात आला, कपाट उघडलं, फ्यूज उपसून खिशात टाकला. दार किरकिरलं. चौकटीवर ठोकलं नाही त्यानं. तो कधीच ठोकायचा नाही.

फळीवर भावानं आणून ठेवलेला नव्या तीन पट्ट्यांचा संच होता, कागदात गुंडाळलेला. त्यानं त्यातला एकच काढला. तिथंही एकच! गुडघ्यावर बसला, डावा हात टेबलाखाली घातला आणि मोटारीच्या चाकावर पट्टा चढवायला लागला. कोपरापर्यंत आत.

तेव्हा कपाटाचं दार पुन्हा किरकिरलं.

या वेळी माझ्यात आणि मागच्या दारात चार पावलं होती. डोकं बाहेर काढायचं, बस. मला माहीत होतं तिथं कोण आहे. मला माहीत होतं तिच्या मुठीत काय असेल. एक हाक मारली असती तर धाकट्यानं हात काढला असता. मी तोंड उघडलंसुद्धा.

आणि मला मिस्त्रींचा सदरा आठवला, पंचनाम्यात टेबलावर पसरलेला, खिशात चौकोनी फुगवटा असलेला. हा धाकटा त्याच टेबलाशी पाच महिने फळ्या कापत होता, दात कोरत, शीळ घालत.

गॅसवर दूध होतं. मी खिडकीकडे पाठ केली आणि दुधाकडे बघायला लागले. आच मोठी केली.

दोन ठोके पडले.

"ताई, हात आत आहे."

पलीकडून धाकट्याचा आवाज आला, चिरका. "कोण? कोण बोललं? काकू, तुम्ही बोललात?"

म्हणजे त्यालाही ऐकू आलं होतं. अजूनही वेळ होता. दुधाच्या कडेला बुडबुडे जमायला लागले होते.

"बरं," मी म्हटलं.

६

करवत दोन-तीन सेकंदच फिरली. मोकळी.

मी धावले. गुडघा विसरून धावले. बोळात कपाटापाशी वहिनी उभ्या होत्या. दार सताड उघडं. त्यांच्या उजव्या तळहातावर पांढरा फ्यूज, लाल ठिपक्याचा. "खिळ्यांच्या डब्यात सापडला, भाऊजींच्या," त्या म्हणाल्या, जणू मी विचारलं होतं. "लावणार होते ताई. लावायलाच आले होते. पण हात वरच जाईना. कुणीतरी मनगट धरल्यासारखं."

मी कपाटात पाहिलं. कारखान्याच्या फ्यूजची जागा रिकामी होती. रिकामीच, कुणी काही लावलेलं नव्हतं.

आत धाकटा जमिनीवर पडला होता. मोटार थांबली होती. मनगटाच्या पुढे जे होतं ते भुशात मिसळलं होतं. वहिनींनी पदर फाडून दंडाला आवळून बांधला, घट्ट, कामातल्या बाईसारखा. तो ओरडत होता, "मी लावला होता! मीच लावला होता गं! घाबरवायचं होतं फक्त, घाबरवायचं होतं! त्याला सांग, हात सोड म्हणावं!"

"सांगते," वहिनी म्हणाल्या, आणि गाठ आणखी आवळली.

मी टेबलाखाली पाहिलं. बघायला नको होतं, पण न बघणं मला कधी जमलंय? धाकट्यानं एक पट्टा घेतला होता, दोन फळीवर कागदातच होते. आणि खाली चाकांवर तीन पट्टे चढलेले होते. १, २, ३. त्यांच्या मागे भिंत आहे, मधे पुस्तकाएवढीही जागा नाही. तिथून एक हात आलेला होता, कोपरापर्यंत. उजवा. बोटांना खडू लागलेला. तो घाईत नव्हता. पहिल्या पट्ट्यावर दोन बोटं दाबून त्यानं ताण बघितला, मग दुसऱ्यावर. तिसऱ्यापाशी येऊन तो थांबला. थांबल्यासारखाच राहिला, कुणी आपल्याकडे बघतंय हे कळल्यावर माणूस थांबतो तसा.

वरून भुसा सांडला. नंतर फक्त पट्टे होते आणि सावली.

घरी आले तेव्हा दूध सगळं उतू जाऊन भांडं करपलं होतं.

७

परवा पुन्हा दवाखान्यात गेले. त्याच दोघी. या वेळी त्यांनीच सरकून जागा दिली.

"खरंच कपाटात फ्यूज नसताना फिरली हो?"

"पहिल्या वेळी नाही," मी म्हटलं. "दुसऱ्या वेळी."

"आणि पट्टे? मिस्त्री बदलतो ते?"

इथं मी थांबले. कारण वहिनींनी मला सांगितलं होतं. कापत त्या होत्या. रोज एक वाजता, मागच्या खोलीच्या दारानं आत जाऊन, मिस्त्रींच्याच लाकूड तासायच्या पटाशीनं. त्यांना तो आवाज सहन होत नव्हता, करवत बंद पडावी एवढंच हवं होतं. पण रोज दोन वाजता ती चालायची, आणि त्यांना वाटायचं भाऊजी नवे घालतात. शेवटच्या दिवशीही त्यांनीच कापले. "कापले मी," त्या म्हणाल्या, "पण चढवता मला येत नाहीत हो ताई. कधी शिकलेच नाही."

"भुसावालीचं अर्धं खरं आहे," मी त्या दोघींना सांगितलं. कुठलं अर्धं ते सांगितलं नाही. त्यांनी आपापसात वाटून घ्यावं.

धाकटा वाचला. शुद्धीवर आल्यावर त्यानं सगळं नाकारलं, मग इस्पितळातून सुटला. म्हणे वेदनेत काय बोललो ते आठवत नाही, आणि ऐकणाऱ्या दोन बायका, एक त्याची वैरी आणि दुसरी चहाडखोर. ठिपक्याच्या फ्यूजला साहेब हसले. कागद पुन्हा तयार झालाय. सोमवारी दुपारी येतो म्हणाला, यंत्राला गिऱ्हाईक घेऊन. चालवून दाखवायचं म्हणजे झाकण उघडून पट्टे बघावे लागतील. त्याच्याकडे आता एकच हात आहे, उजवा. तोच घालेल.

वहिनींना मी विचारलं, काय करायचं? त्या म्हणाल्या, "आपण काय करणार? आपण बायका. बसून राहू."

आज सोमवार. मी सकाळपासून खिडकीत आहे. आत्ता धाकटा बोळाच्या तोंडाशी दिसला, मागे दोन अनोळखी माणसं. वहिनी मागच्या खोलीच्या पायरीवर बसल्या आहेत, हात मांडीवर, रिकामे.

चौकटीवर दोन ठोके पडले.

मी दूध गॅसवर ठेवलं.